थोरामोठ्यांची उधारी

फ्रेंच नाटककार मोलिएर याचे ‘डॉन जुआन’ हे नाटक १६६५ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या चौथ्या अंकात दिमांश नावाचा एक व्यापारी थकलेली बाकी मागण्यासाठी उमराव डॉन जुआन याच्या वाड्यावर येतो. धनी घरी नाहीत असे सांगूनही तो पाऊण तास ठाण मांडून बसलेला असतो. डॉन जुआन त्याला आत बोलावून घेतो. धनकोपासून तोंड लपविणे हे त्याच्या मते नवशिक्या ऋणकोचे लक्षण होय. मुरलेला मनुष्य त्याला एक दमडीही न देता संतुष्ट करून वाटेला लावतो. मग हे कसब प्रत्यक्ष पाहावयास मिळते. दिमांशला ताटकळत ठेवल्याबद्दल चाकरांना फैलावर घेतले जाते, त्याच्यासाठी हातांची खुर्ची मागविली जाते, प्रकृतीची विचारपूस होते, मग पत्नीची, मग धाकट्या मुलीची, मग घरात ढोल बडविणाऱ्या मुलाची, आणि शेवटी पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावणाऱ्या कुत्र्याचीही. बिचाऱ्याने कामाचा विषय काढण्यासाठी तोंड उघडावे, की उमरावाच्या मुखातून नवा कुशलप्रश्न बाहेर पडतो. जेवणाचे आमंत्रण दिले जाते; अंधार पडला आहे म्हणून मशाली आणि सोबतीला माणसे देण्याचा हुकूम सुटतो. दिमांश बाहेर पडतो तो रिकाम्या हाताने, आणि एवढा मान देणाऱ्या माणसाकडे पैसे मागावे तरी कसे, अशा संकोचात.

साडेतीनशे वर्षे प्रेक्षक या प्रवेशाला हसत आले आहेत. ते कोणाला हसतात, हे मात्र पाहण्याजोगे आहे. हसे होते ते दिमांशचे, बड्या माणसाच्या दोन गोड शब्दांनी विरघळून जाणाऱ्या त्याच्या भाबडेपणाचे. फसविणाऱ्याच्या वाट्याला चातुर्य आणि फसलेल्याच्या वाट्याला बावळटपणा अशी वाटणी एकदा झाली, म्हणजे मालाची किंमत बुडाली ही मूळ गोष्ट हशात वाहून जाते. युरोपातील जुन्या सामाजिक उपहासाची ही खोड ध्यानी ठेवूनच तो वाचला पाहिजे. तथापि सुखवस्तू वर्गाची करमणूक म्हणून त्याला बाजूला सारणे हा उतावळेपणा ठरेल. पक्षाच्या अभ्यासवर्गांतून कर्ज, व्याज आणि वरकड मूल्य यांची चर्चा होते, ती व्हावयासही हवी. परंतु श्रीमंत गिऱ्हाईक पैसे का देत नाही आणि त्याला ते न देणे साधते कसे, याचे बारीक निरीक्षण ज्यांनी केले ते प्रामुख्याने हे विनोदी लेखकच होते.

पैसे नाहीत म्हणून उधारी राहते, हा समज गरिबाच्या उधारीपुरता खरा आहे. वाण्याच्या वहीत मजुराच्या नावावर साठलेली रक्कम ही त्याच्या रिकाम्या खिशाची नोंद असते. उमरावाच्या नावावरील रक्कम निराळ्या जातीची. ती त्याच्या प्रतिष्ठेची नोंद असते. ज्याला ताबडतोब पैसे मागता येत नाहीत तो थोर, आणि जो जितका थोर त्याचे बिल तितके जुने, असा हा उफराटा हिशेब आहे. शिंप्याने, चांभाराने, सुताराने, धोबिणीने वर्ष-दोन वर्षे थांबावयाचे, म्हणजे वस्तुतः त्यांनी आपले श्रम बिनव्याजी कर्जाऊ द्यावयाचे. ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याने ज्याच्यापाशी ते आहे त्याला भांडवल पुरवावयाचे. मराठीत ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे म्हणतात. उधार घेणाऱ्याला माल कमी मिळतो, असा त्या म्हणीचा रोख आहे. पण तीही गरीब गिऱ्हाइकाचीच म्हण. थोरामोठ्यांचे पोते उधारीवरही काठोकाठ भरून जात असे.

आणि ज्याच्या घरी दिमांशचे पैसे थकतात, त्याच्याच घरी चाकराचा पगारही थकतो. त्याच नाटकाच्या अखेरीस डॉन जुआनला नरकाग्नी गिळतो, तेव्हा त्याचा नोकर स्गानारेल हा धन्यासाठी रडत नाही आणि धर्माच्या विजयाने हर्षितही होत नाही. आपला थकलेला पगार आता कोण देणार, म्हणून आक्रोश करतो. दैवी न्यायाच्या क्षणी पगाराची गोष्ट काढणे हे धर्माभिमान्यांना असह्य झाले. १६८२ च्या छापील आवृत्तीत पगाराचा हा उल्लेख गाळलेला आहे. तो टिकला तो पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅम येथे निघालेल्या प्रतीत. उपहासाला सत्तेने कात्री लावावी ती नेमकी कोठे, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मोलिएरने जे एका प्रवेशात दाखविले, त्याची पुरी खतावणी मांडली ती इंग्लंडात विल्यम मेकपीस थॅकरे याने. कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याच्या पोटी १८११ साली कलकत्त्यास जन्मलेल्या या लेखकाची ‘व्हॅनिटी फेअर’ ही कादंबरी १८४७-४८ मध्ये मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. वर्षाकाठी शून्य उत्पन्नावर ऐषारामात कसे राहावे, या विषयाला तिच्यात खास प्रकरणे वाहिलेली आहेत. रॉडन क्रॉली हा लष्करातला कर्नल आणि त्याची हुशार पत्नी बेकी हे जोडपे पॅरिसमधील हॉटेलवाल्यांना आणि दुकानदारांना बुडवून लंडनला परतते आणि कर्झन स्ट्रीटवर बिऱ्हाड थाटते. ते घर रॅगल्स नावाच्या माणसाचे. हा क्रॉली कुटुंबातील एका श्रीमंत वृद्धेचा जुना बटलर. उभी हयात नोकरी करून साठविलेल्या पैशांतून त्याने भाजीपाला, दूध, अंडी विकण्याचे दुकान काढले, जम बसविला, आणि गहाणाचा बोजा पत्करून हे सामानसुमानासकट घर विकत घेतले. भाडेकरू म्हणून जुन्या धन्याच्या घराण्यातील माणूस आला, तेव्हा त्याला धन्यता वाटली. क्रॉली हे नाव हेच त्याच्या लेखी तारण होते.

भाडे येत नाही. उलट दुकानातून माल जात राहतो. घराची पट्टी रॅगल्स भरतो, गहाणाचे व्याज रॅगल्स भरतो, स्वतःच्या विम्याचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची फी यांची तोंडमिळवणी करता करता कर्नलच्या घरच्या जेवणाचा खर्चही त्याच्याच अंगावर पडतो. ज्या मेजवान्यांना लॉर्ड मंडळी येतात त्यांचा खरा यजमान तो असतो, आणि त्या दालनात त्याला प्रवेश नसतो. शेवटी तो स्वतः कर्जापायी फ्लीट तुरुंगात जातो आणि त्याची मुले रस्त्यावर येतात. कादंबरीकार येथे घटकाभर विनोद बाजूला ठेवतो आणि विचारतो की, असे किती मोठे लोक किती लहान दुकानदारांना लुटत असतील? बडे घराणे कोसळले म्हणजे लोक हळहळतात. त्या घराण्याच्या हुजऱ्यांच्या केसांना पावडर लावणाऱ्या न्हाव्यासाठी, मेजवानीचा मांडव सजविणाऱ्या सुतारासाठी, गणवेश शिवणाऱ्या शिंप्यासाठी कोणी हळहळत नाही. एवढे बोलून थॅकरे पुन्हा बेकीकडे वळतो. वाचकही वळतात. रॅगल्सचे नाव आज किती जणांना आठवते?

त्याच कादंबरीतील आणखी एक तपशील आजच्या वाचकाने विशेष पाहावा. लंडनमधील नवऱ्याचे जुने धनको निकालात काढण्यासाठी बेकी स्वतः वाटाघाटीस बसते. हे घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही, असा तिचा पवित्रा असतो. अवघे पंधराशे पौंड रोख मोजून ती त्याच्या दहापटीहून अधिक कर्ज मिटविते, आणि समोरच्या पक्षाचे वकील तिच्या व्यवहारचातुर्याची वाखाणणी करतात. पौंडामागे दोन शिलिंगांहूनही कमी. बँकांच्या परिभाषेत याला आज ‘हेअरकट’ म्हणतात.

या वर्गाला देणे देण्याची सवयच नव्हती असे मात्र नव्हे. जुगारात हरलेली रक्कम तो तत्परतेने चुकती करीत असे. तिला ‘अब्रूचे कर्ज’ असे नाव होते. १८४५ च्या इंग्लिश कायद्याने जुगारातील करार रद्दबातल ठरले, तेव्हा पत्त्यांवर हरलेले पैसे कोर्टातून वसूल होणे नाही. शिंप्याचे पैसे मात्र होऊ शकत. तरीही सद्‌गृहस्थ द्यायचा ते जुगाऱ्याला, आणि थांबवायचा ते शिंप्याला. कारण जुगारी त्याच्या क्लबातला, त्याच्या बरोबरीचा. त्याच्यापुढे अब्रू जाण्याची भीती होती. शिंप्यापुढे जाण्यासारखी अब्रूच मुळी मानलेली नव्हती. वर्गसंबंध नीतीच्या कल्पना कशा घडवितात, हे समजावून देण्यासाठी याहून सोपा दाखला अभ्यासवर्गाला मिळणार नाही.

कायदा कोणाच्या बाजूने होता, हेही उघड आहे. दिवाणी कर्जासाठी लॉर्डांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना अटक होऊ शकत नसे. कारकुनाला होत असे. चार्ल्स डिकन्सचे वडील जॉन डिकन्स हे १८२४ साली एका पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स त्या वेळी बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर बाटल्यांना लेबले लावीत होता. त्याने पुढे १८५५ ते ५७ या काळात लिहिलेल्या ‘लिटल डॉरिट’मध्ये एकीकडे याच तुरुंगात आयुष्य घालविणारा ऋणको आहे आणि दुसरीकडे साऱ्या समाजाचे पैसे बुडविणारा, मंत्र्यांच्या पंक्तीला बसणारा मर्डल हा वित्तपती आहे. १८६९ च्या कायद्याने इंग्लंडात कर्जासाठीची कैद सामान्यतः रद्द झाली, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. त्याच कायद्यात, ऐपत असून पैसे न देणाऱ्याला अल्प मुदतीच्या कैदेत पाठविण्याची तरतूद राहिली होती, आणि तिच्याखाली पुढेही वर्षानुवर्षे तुरुंगात जात राहिले ते मुख्यत्वे मजूर, किरकोळ रकमांसाठी. खर्चिक दिवाळखोरीचा आडोसा त्यांना परवडणारा नव्हता.

परंतु खरी हानी दुकानदारापाशी थांबत नसे, आणि येथे जुना उपहास तोकडा पडतो. पैसे थकले की शिंपी काय करी? तो ते खालून वसूल करी. कापड बेतणाऱ्या कारागिराची, आणि त्याच्याखाली घरी बसून टाके घालणाऱ्या बाईची मजुरी तो कमी करी वा लांबणीवर टाकी. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने १८४३ च्या डिसेंबरात टॉमस हूड याची शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या हलाखीवरील कविता छापली आणि तिने इंग्लंड हलले; त्याच साप्ताहिकात १८४६-४७ मध्ये थॅकरेने श्रीमंतीचा आव आणणाऱ्या पोकळ वाशांची टर उडविली. एकच नियतकालिक, तीन-चार वर्षांचे अंतर. पण वरच्या दालनातील न फेडलेले बिल आणि माळ्यावरील सुईवालीची उपासमार ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, असा धागा त्या पानांतून क्वचितच जोडला गेला. हेन्री मेह्यू याने १८४९ पासून लंडनच्या शिंपीकामगारांच्या मुलाखती छापल्या, तेव्हा कोठे ही साखळी तिच्या खालच्या टोकाकडून बोलू लागली.

दुसरे वसुलीचे साधन म्हणजे भाव. दहा गिऱ्हाइकांपैकी दोन बुडविणार हे ठाऊक असलेला दुकानदार सर्वांसाठीच किंमत चढवून ठेवतो. म्हणजे उमरावाने न दिलेल्या पैशाचा भरणा रोखीने घेणारा साधा माणूस करतो. यावर कामगारांनी काढलेला तोडगा उपहासाचा नव्हता, संघटनेचा होता. रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावातील विणकर व इतर कारागिरांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी आपले सहकारी दुकान उघडले आणि रोखीनेच विक्री हा नियम केला. आजही अनेक दुकानांत ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी लटकते व ती गमतीने वाचली जाते. रॉचडेलच्या लोकांच्या लेखी ती गंमत नव्हती. उधारीच्या वहीतून सुटका म्हणजे दुकानदाराच्या मेहेरबानीतून आणि भेसळीच्या मालातून सुटका होती.

इंग्रजांचा हा ऋणकायदा त्यांच्या न्यायालयांबरोबर दख्खनमध्येही आला, आणि येथे त्याने आपला मुखवटा काढून टाकला. लंडनमधील कर्नल वर्षानुवर्षे देणे टाळू शकत होता. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यावर मात्र सावकार हुकूमनामा आणी, जमीन लिलावात काढी आणि दिवाणी तुरुंगाचा धाक घाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी कर्जाचे कागद हस्तगत करून जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारी अटक बंद झाली. उपहासकारांच्या लंडनमध्ये कागद धनकोच्या हातात निरुपयोगी होता. सुप्यात तोच कागद शस्त्र होता. कागद तोच असला, तरी त्याची धार ज्याच्यावर चालवायची त्याच्या सामाजिक स्थानावरून ठरते.

यावरून धनको तेवढा शत्रू, असा सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह चळवळीला वेळोवेळी झालेला आहे. तो आवरला पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालविणारी बाई हीही धनकोच होती. महिनाभर ती गिरणी कामगाराला जेवू घाली आणि पगाराची वाट पाही. तोवर स्वतः वाण्याकडून चढ्या भावाने उधार किराणा उचली किंवा सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेई. १९७४ च्या गिरणी संपात या बायांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले, आणि पुढच्याच वर्षी प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळू लागले. ती उधारी आणि डॉन जुआनची उधारी यांना एकाच शब्दाने ओळखावे लागते, ही भाषेची गरिबी आहे. एक उधारी बरोबरीच्या माणसांतील विश्वासावर चालते आणि लढ्याला बळ देते. दुसरी वरच्याने खालच्यावर बसविलेली पट्टी असते.

ही पट्टी गेलेली नाही. तिचा पोशाख बदलला. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारा लहान कारखानदार हा आजचा दिमांश. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळावेत असे ठरविले, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. कागदावर याहून कडक तरतूद क्वचितच असेल. पण व्याज मागावयाचे म्हणजे गिऱ्हाईक गमवावयाचे. मोठी कंपनी दारातून हाकलीत नाही, ती खरेदी विभागात बसवून चहा देते, पुढच्या ऑर्डरीचे बोलते, आणि माणूस खुर्चीवरून उठतो तो बिलाचा विषय न काढताच. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखविता येणार नाही असे केले, तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनेनेच अंमलबजावणी पुढे ढकलावी अशी मागणी केली. पैसे मिळण्याच्या हक्कापेक्षा गिऱ्हाईक टिकण्याची चिंता मोठी, हे दिमांशचेच शास्त्र.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने तर ही उतरंड कायद्यातच लिहून ठेवली. बुडीत कंपनीचे काय करावयाचे हे धनकोंची समिती ठरविते, आणि त्या समितीत मतदान करतात ते बँका व वित्तसंस्था. माल आणि सेवा पुरविणाऱ्यांना ही संहिता ‘ऑपरेशनल क्रेडिटर’ म्हणते. कामगारांचा थकीत पगारही त्याच सदरात मोडतो. त्यांची बाकी पुरेशी मोठी असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीला बसता येते, मत देता येत नाही. कंपनी थेट परिसमापनात निघाली तर कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. पण तेथवर येईपर्यंत वाटण्यासारखे उरते काय, हा प्रश्न निराळा. लहान पुरवठादार तर रांगेत आणखी मागे उभा असतो. हातांची खुर्ची मिळते, एवढे समाधान.

म्हणून कामगारांना व लहान पुरवठादारांना त्या समितीत मताचा अधिकार हवा, ही मागणी पक्षाच्या कामगार आघाडीने आणि लहान उद्योजकांतील सहानुभूतीदारांनी एकत्र मांडावयास हवी. आजवर या दोघांना एकमेकांसमोर उभे करण्यातच मोठ्या गिऱ्हाइकाचा फायदा झाला आहे; पुरवठादार कामगाराला सांगतो, वरून पैसे आले नाहीत, आणि ते बहुधा खरेही असते. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी केंद्राने २०१७ साली ‘समाधान’ नावाची ऑनलाईन व्यवस्था सुरू केली आहे. पैसे थकविणाऱ्यांची वर्गवारी तेथे पाहावयास मिळते, आणि तीत खासगी कंपन्यांच्या जोडीला केंद्राची मंत्रालये, राज्य सरकारे आणि सार्वजनिक उद्योग यांचीही सदरे आहेत. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी तूर्त आपापल्या नगरपालिकेपासून आणि जिल्हा परिषदेपासून प्रारंभ करावा: कोणत्या कंत्राटी सफाई कामगाराचा, कोणत्या शाळेला धान्य पुरविणाऱ्या बचत गटाचा, कोणत्या रंगाऱ्याचा पैसा किती महिन्यांपासून थकला आहे, त्याची नावनिशीवार यादी करावी आणि ती सभागृहात वाचून दाखविण्यास आपल्या सभासदांना भाग पाडावे.